परळच्या उंदरांची साक्ष

"उत्क्रांती होताना कोणी पाहिली आहे का हो?" हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुठून तरी उगवतोच. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या एका संमेलनात तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले, की माकडाचा माणूस झालेला पाहिला असं आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितलेलं नाही, सबब डार्विन चूक. चार दिवस टीव्हीवर दंगा झाला, मग सगळे विसरले. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही वेळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर घनघोर युद्ध झालं. दोन्ही वेळी दोन्ही बाजूंनी भरपूर फॉरवर्ड आले आणि मुद्दा मात्र कोणीच मांडला नाही. (ग्रुपमधले सगळे इंजिनियर. त्यामुळे नवल नाही.)

मला स्वतःला हा प्रश्न अजिबात मूर्खपणाचा वाटत नाही. "दाखवा" असं म्हणणं हे तर विज्ञानाचं पहिलं पाऊल. माणूस आणि चिंपांझी यांचे रस्ते एका समान पूर्वजापासून वेगळे झाले त्याला साठ-सत्तर लाख वर्षं झाली, ते कोण बघणार? पण ज्या यंत्रावर ही सगळी गाडी चालते, ते यंत्र म्हणजे नैसर्गिक निवड. ते चालताना माणसाने पाहिलेलं आहे. गंमत म्हणजे ते बघायला गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. परळपर्यंत गेलं तरी पुरे. या शनिवारी त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी थोडं आमच्या बिरवाडीबद्दल. बिरवाडी म्हणजे महाडपासून जवळच, काळ नदीच्या बाजूला वसलेलं बाजाराचं गाव. एका अंगाला एमआयडीसी, बाकी तिन्ही अंगांना भातशेती आणि डोंगर. आणि जिथे भात तिथे उंदीर. काकांचं बाजारात किराणाचं दुकान आहे. त्यांचं आणि उंदरांचं वैर माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. मागे एकदा काळ्या पावडरीचं औषध पिठात कालवून ठेवताना ते म्हणाले, "हल्लीचे उंदीर पण शिकलेत रे. औषधाला सरावलेत."

सरावलेत! मराठीतला हा किती सोयीचा शब्द. उंदीर औषधाला सरावतात, डास अगरबत्तीला सरावतात, मुंबईकर लोकलला सरावतात. पण या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर नैसर्गिक निवड कधीच कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे खरोखरचं शिकणं. काकांची काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाईड. उंदीर हा भलता सावध प्राणी आहे. नवीन खाणं दिसलं की आधी चिमूटभर चाखून बघतो. चिमूटभर खाऊन पोटात कालवाकालव झाली पण जीव वाचला, तर तो उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणूनच तर जाणते शेतकरी आधी दोन-तीन दिवस औषध न घालता नुसतंच आमिष ठेवतात आणि मग एक दिवस औषध कालवतात. इथे एकच उंदीर आधी वेगळा होता आणि नंतर वेगळा झाला. याला सरावणं म्हणायला काहीच हरकत नाही. काका बरोबर आहेत.

दुसरी गोष्ट पूर्ण निराळी. समजा शंभर उंदरांपैकी दोघांच्या शरीरात जन्मतःच असं काही आहे की ते विष त्यांना बाधत नाही. अठ्ठ्याण्णव मेले, दोन उरले. पुढची पिल्लं त्या दोघांची. चार-पाच पिढ्यांनी आपण म्हणतो, "उंदीर सरावले." पण यातला एकही उंदीर कशालाही सरावलेला नाही! जे मेले ते न सरावताच मेले आणि जे जगले ते आधीपासूनच तसे होते. बदलला तो उंदीर नव्हे, उंदरांचा जमाव. याचंही जगप्रसिद्ध उदाहरण आहे. वॉरफरिन नावाचं उंदीर मारायचं औषध निघालं आणि १९५८ साली स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर सापडले. त्यामागचा जनुक २००४ साली हाती लागला.

आता प्रश्न असा, की एखाद्या गावच्या उंदरांवर औषध चालेनासं झालं तर यातलं नेमकं काय झालंय हे ओळखायचं कसं? माझ्या धंद्यात याला टेस्ट केस लिहिणं म्हणतात. मला वाटतं तीन टेस्ट पास व्हायला हव्यात. एक, एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये मुळात फरक असला पाहिजे, काही चिवट, काही नाजूक. दोन, हा फरक पिल्लांमध्ये उतरला पाहिजे, आणि तोही त्या पिल्लांनी विष किंवा रोग कधी पाहिलेला नसताना. तीन, जिथे मार जास्त पडला तिथेच चिवटांचं प्रमाण जास्त दिसलं पाहिजे आणि जिथे मार पडलाच नाही तिथे ते कमी दिसलं पाहिजे. तिन्ही पास झाल्या तर "सरावले" म्हणायची सोय उरत नाही.

शाळेत आपण जिराफाची मान आणि इंग्लंडचे पतंग वाचलेले असतात. पतंगांची गोष्ट खरी आणि झकास आहे. मँचेस्टरजवळ १८४८ साली एक काळा पतंग नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तिथले जवळजवळ सगळेच पतंग काळे झाले, कारण कारखान्यांच्या काजळीने काळवंडलेल्या झाडांवर पांढुरके पतंग पक्ष्यांना सहज दिसायचे. पण हे सगळं आपल्याला परक्या देशातलं वाटतं. परीक्षेत चार मार्क मिळाले की विषय संपला. आणि नेमकं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९६ साली, आपल्या मुंबईत याहून कितीतरी भयंकर प्रयोग सुरू झाला. तो कोणी मुद्दाम मांडलेला नव्हता.

२३ सप्टेंबर १८९६. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी बंदराजवळच्या वस्तीत एक रोगी तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. पोती, त्यावर उंदीर आणि शेजारी दाटीवाटीच्या चाळी. बघता बघता रोग शहरभर पसरला. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली. आपल्या कोकणातला चाकरमानी तेव्हाही मुंबईतच होता. तो आगबोटीने, मचव्याने, नाहीतर सरळ चालत गावाकडे निघाला. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला. पुण्यात काय झालं, रँड आणि चापेकर, हे आपल्याला पाठ आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हेही ठाऊक असतं. पुढच्या वीसेक वर्षांत देशभरात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं खाल्ली. आमच्या घरातल्या जुन्या बायका पणजीच्या तोंडचं सांगायच्या, की घरात उंदीर पडला की पोरंबाळं घेऊन रानात झोपड्या बांधायच्या, मागे बघायचं नाही.

"उंदीर पडला की." हे महत्त्वाचं आहे. आधी उंदीर मरतात आणि मग माणसं, हे लोकांना डॉक्टरांच्या आधी कळलेलं होतं. आपण या इतिहासात माणसांची प्रेतं मोजतो, ते साहजिकच आहे. पण माणसांच्या कितीतरी पट उंदीर मेले. प्लेग हा मुळात उंदरांचाच रोग. १८९८ साली पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत (तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती) प्रयोग करून दाखवलं की हा रोग पिसवांमार्फत पसरतो. उंदीर मेला, थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार शरीर शोधतात. सुरुवातीला त्याचं कोणी फारसं ऐकलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन या डॉक्टरने प्लेग झालेल्या चाळीत गिनी पिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होतात हे दाखवलं. एका जिवाचा सापळा म्हणून वापर! त्याने हे सगळं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडलं.

या सगळ्या कामाचं केंद्र होतं परळ. वॉल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ साली तिला त्याचंच नाव मिळालं, हाफकिन इन्स्टिट्यूट. १९०५ पासून प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या मंडळानेही मुंबईत ठाण मांडलं. शहरभरातून उंदीर पकडून आणायचे, कापून तपासायचे, नोंद करायची. असे हजारो उंदीर तपासले गेले.

आणि इथेच एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. मुंबईच्या उंदरांना प्रयोगशाळेत प्लेगचे जंतू टोचले तरी त्यातले बरेचसे मरेनात. प्लेग हा उंदरांचा काळ, आणि हे पठ्ठे मजेत दाणे खातायत. पण मद्रासहून उंदीर मागवून त्यांना तेच जंतू टोचले की ते पटापट मरायचे. उंदराची जात तीच, घरात राहणारा काळा उंदीर. जंतू तेच आणि मात्राही तीच. फरक फक्त गावाचा.

आता मद्रासच का? तर मद्रास शहरात प्लेग कधी नीट रुजलाच नाही. त्याचं एक कारण पुढे कळलं. तिथल्या उंदरांवर पिसूची वेगळी जात जास्त होती आणि प्लेग पसरवण्यात ती कच्ची होती. म्हणजे योगायोगाने काय झालं बघा. मुंबईच्या उंदरांवर दरवर्षी थंडी ओसरता ओसरता साथीचा वरवंटा फिरत होता आणि मद्रासच्या उंदरांवर फिरलाच नाही. आमच्याकडे नवीन फीचर निम्म्या युजरना देतात, निम्म्यांना देत नाहीत आणि काय फरक पडतो ते मोजतात. इथे तो कंट्रोल ग्रुप आपोआप मिळाला होता.

पण कोणीही शहाणा माणूस इथे लगेच हात वर करेल. अहो, मुंबईच्या उंदरांना आधी एकदा प्लेग होऊन गेला असेल, त्यातून जे वाचले त्यांच्यात प्रतिकारशक्ती आली असेल. आपल्याला गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसं. मग त्यात निवड कुठे आली? हे तर "सरावणं"च झालं!

शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर द्यायचा मार्ग एकच. पिंजऱ्यात पिल्लं वाढवायची. ज्यांनी चाळ पाहिली नाही, गोदाम पाहिलं नाही आणि प्लेगचा जंतू पाहिला नाही, अशी पिल्लं. हे काम नीट, मोठ्या प्रमाणावर झालं ते हाफकिन इन्स्टिट्यूटमध्येच. १९३२ पासून साहिब सिंग सोखी तिथले संचालक होते. (नृत्यांगना मादाम मेनका यांचे हे पती.) सोखी आणि त्यांचे सहकारी जी. डी. चित्रे यांनी देशभरातल्या वेगवेगळ्या गावांहून उंदीर मागवले आणि सगळ्यांना एकाच मापाने जंतू टोचले. १९३७ साली त्यांचा निबंध पॅरिसमधून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पत्रिकेत फ्रेंचमध्ये छापून आला. निष्कर्ष असा, की ज्या गावांनी प्लेगचा जबर मार खाल्ला तिथले उंदीर चिवट, आणि जिथे प्लेग फारसा पोचलाच नाही तिथले उंदीर नाजूक. आणि चिवट उंदरांची पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लंही चिवटच निघाली. म्हणजे ही ताकद रोग होऊन मिळालेली नव्हती. ती आईबापांकडून आलेली होती.

आता वरच्या तीन टेस्ट आठवा. एकाच जातीत फरक आहे का? आहे. पिल्लांत उतरतो का? उतरतो. मार आणि चिवटपणा यांचं गणित गावागणिक जुळतं का? जुळतं. तिन्ही पास. मांडवीच्या गोदामात उंदीर मरायला लागले त्याला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती.

डार्विनला हे वाचायला फार आवडलं असतं. 'ओरिजिन' १८५९ साली आलं. त्याला स्वतःला वाटायचं की निवड इतकी संथ चालते की माणसाला तिची हालचाल दिसणार नाही, कालांतराने झालेला फरक तेवढा दिसेल. १८८२ साली तो गेला. त्यानंतर चौदाच वर्षांनी मुंबईच्या चाळींमध्ये ती दिसण्याजोग्या वेगाने सुरू झाली. पुढे १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी रोग आणि उत्क्रांती यांवरच्या निबंधात मांडलं की थंडी, दुष्काळ किंवा वाघ-सिंह यांच्याइतकाच, किंबहुना जास्तच, निवडीचा रेटा रोगजंतू लावतात. (हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन इथलेच झाले.)

तरी चाळीस वर्षं म्हणजे फार कमी नाही का वाटत? मलाही वाटलं, म्हणून एक रविवारी दुपारी हिशेब केला. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त यंत्र कसं चालतं ते बघायला. समजा १००० उंदरांत १० चिवट आहेत, म्हणजे १ टक्का. प्रत्येक साथीत नाजूक उंदरांपैकी ८० टक्के मरतात आणि चिवटांपैकी २० टक्के. उरलेले पुन्हा पिल्लं घालून संख्या भरून काढतात आणि पिल्लं आईबापांसारखीच निघतात. (खरं आनुवंशिकीचं गणित याहून किचकट असतं, कबूल.) पहिल्या साथीनंतर चिवट होतात ४ टक्के. काहीच नाही, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसरीनंतर १४. तिसरीनंतर ३९. चौथीनंतर ७२ आणि पाचवीनंतर ९१! दर साथीत चिवट आणि नाजूक यांचं गुणोत्तर चौपट होत जातं, बाकी काही जादू नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लू तीनेक महिन्यांत स्वतः वीणीला येतं. एवढ्या वेगाने संख्या भरून निघणार असेल, तर चाळीस वर्षं म्हणजे पुष्कळच झाली.

या हिशेबात मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडली ती वेगळीच गोष्ट. पहिल्या साथीच्या आधी जे १० चिवट उंदीर होते, त्यांच्यात आणि बाकी ९९० मध्ये कोणालाही काहीही फरक दिसला नसता. चिवटपणा तेव्हा त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. प्लेग आला तेव्हा तो उपयोगाचा ठरला. प्लेग येणार म्हणून कोणी तयारी केली नव्हती. जिराफाने मान ताणली, उंदराने मन घट्ट केलं, असलं काहीही इथे नाही.

आता कोणी म्हणेल, हे जुनं काम, तेव्हाच्या पद्धती जुन्या, पुन्हा कोणी करून पाहिलंय का? पाहिलंय. मादागास्कर बेटावर प्लेग १८९८ साली जहाजातून पोचला आणि १९२१ मध्ये तिथल्या मधल्या डोंगराळ भागात शिरून कायमचा मुक्काम करून बसला. किनाऱ्याकडच्या सखल भागात तो टिकला नाही. एकविसाव्या शतकात तिथल्या काळ्या उंदरांवर तोच प्रयोग झाला. डोंगरातले उंदीर चिवट, किनाऱ्यावरचे नाजूक, आणि प्रयोगशाळेत जन्मलेल्या त्यांच्या पिल्लांतही तो फरक दिसला. परळचा निकाल हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा लागला.

आणि मुंबई राज्याच्या खात्यावर आणखी एक साक्ष आहे, ती डासांची. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी भिंतींवर डीडीटीचा फवारा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे. १९६५ च्या सुमारास हा आकडा एक लाखावर आला होता. अक्षरशः चमत्कार! पण मधेच, १९५९ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यातून (आज तो गुजरातेत आहे) एक निबंध प्रसिद्ध झाला. आपल्याकडे खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा जो मुख्य डास, ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस, तो तिथे डीडीटीला दाद देईनासा झाला होता. तेव्हा आमची बिरवाडी कुलाबा जिल्ह्यात होती आणि तीही त्याच मुंबई राज्यात. डासाची एक पिढी पंधरा दिवसांत उरकते, त्यामुळे इथे चाळीस वर्षं नाही, पाच-सहा वर्षंच पुरली. १९७६ साली मलेरियाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. निधी, ढिलाई, अशी त्याची इतरही कारणं होती, पण डीडीटी पचवणारा डास हे त्यातलं एक मोठं कारण.

इथवर वाचून कोणाला वाटेल, छान, म्हणजे निसर्ग काहीही करून मार्ग काढतोच. नदीत रसायनं सोडा, रानात विष फवारा, जीव "सरावतील". हे वाक्य मी महाडात चहाच्या टपरीवर या कानांनी ऐकलंय. मला ही समजूत डार्विनला खोटं म्हणण्यापेक्षाही घातक वाटते, म्हणून शेवटची साक्ष आमच्याच जिल्ह्यातली. तिच्यात कोणीच सरावलं नाही आणि उरलंही जवळजवळ कोणी नाही.

माझ्या आईच्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आभाळ गिधाडांनी भरायचं. मला मोठा होईपर्यंत एक गिधाड दिसलेलं नाही. जनावरांना ताप-सुजेवर देतात त्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने हे घडलं, हे २००४ साली सिद्ध झालं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. शंभरातल्या एखाद्याच मढ्यात हे औषध असलं तरी ऱ्हास होण्याला ते पुरेसं होतं, इतकं ते जालीम. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. हजारात एक उरलं.

उंदरांसारखी गिधाडंही का नाही निभावून गेली? कारण निवडीला कच्चा माल लागतो. पहिलं म्हणजे फरक. आपल्याकडच्या गिधाडांच्या जाती जवळच्या नात्यातल्या आणि या औषधापुढे सगळ्याच सारख्या नाजूक. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चरला त्याच्या शंभरपटीहून जास्त मात्रा देऊनही काही झालं नाही, पण तो फरक तिकडच्या दूरच्या घराण्यात, त्याचा इकडे काय उपयोग? दुसरं म्हणजे वेळ. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. पंधरा वर्षांत तीन पिढ्या. तेवढ्या काळात उंदराच्या साठएक पिढ्या होतात आणि डासाच्या काही शेकडा. निवड तिथेही झालीच. फक्त तिने निवडायला म्हणून हात घातला तेव्हा टोपलीत काहीच नव्हतं.

आणि अशा वेळी यंत्र आपोआप वाचवत नाही, माणसाला हात घालावा लागतो. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध पुढे केलं गेलं, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. आमच्या महाडच्या सीस्केप संस्थेने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात गिधाडांची घरटी राखायचं काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन केलं. ज्यांना नैसर्गिक निवड कळते त्यांना हेही कळतं, की ती कोणासाठी काम करत नाही. तिच्या भरवशावर काहीही सोडून देता येत नाही.

म्हणून मला पाठ्यपुस्तकातल्या या धड्याचं महत्त्व वाटतं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ सालच्या पुस्तकात, दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्यात जिराफ जरूर असू दे. पण त्याच्या शेजारी चार ओळी मुंबई-मद्रासच्या उंदरांच्याही हव्यात, सोखी-चित्रे यांच्या नावासकट. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं, "कोणी पाहिलंय?", तर दहावीतलं पोरगंही सांगू शकेल, की हो, परळमध्ये पाहिलंय, १९३७ साली छापून आलंय.

असो. बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी कदाचित पिसवांवर लिहीन, त्यांची गोष्ट याहून भारी आहे.